रात्रीची लाईट आणि उसातला वाघ

शेतीपंपाची थ्री फेज लाईट चक्राकार येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे रात्री. रात्रपाळी लागली की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतला शेतकरी जेवण उरकून मफलर गुंडाळतो, बॅटरी आणि फावडं घेतो आणि मोटार चालू करायला निघतो. पुढचे काही तास तो दारं धरतो. शहरातल्या वाचकासाठी सांगायचं तर, पाटातून आलेलं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. हे काम ताठ उभं राहून होत नाही. माणूस कमरेत वाकतो, मधूनच उकिडवा बसून पाणी कुठवर पोचलं ते बघतो. बॅटरी काखेत नाहीतर तोंडात. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. अंधारात असा वाकलेला माणूस किती उंच दिसत असेल? शेळीएवढा, फार तर वासराएवढा.

बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो. त्याचं भक्ष्य जमिनीलगत, चार पायांवर असतं. त्यामुळे वाकून काम करणारा माणूस, शौचाला बसलेला माणूस, अंगणाच्या कडेला खेळणारं लहान मूल, ही त्याची चूक होण्याची ठिकाणं. जीपीएसचे पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात असं दिसलं की शेतीच्या मुलखातले बिबटे रात्री घरांपासून २५ मीटरच्या आतसुद्धा फिरतात आणि उजाडायच्या आत लांब होतात. दिवस आपला, रात्र त्याची, अशी ही न बोलता झालेली वाटणी आहे. ती मोडते तेव्हा बहुतेक वेळा माणूस त्याच्या वेळेत गेलेला असतो, आणि तो हौसेने गेलेला नसतो.

गावोगावी वन विभागाचे फलक आहेत. रात्री एकट्याने शेतात जाऊ नका, लहान मुलांना संध्याकाळी अंगणात सोडू नका, शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधा. सल्ला सगळा बरोबर आहे. पण त्या फलकापासून हाकेच्या अंतरावरच्या डीपीवर रात्री दहानंतरच लाईट येणार असेल, तर फलक वाचून शेतकऱ्याने करायचं काय? या लेखात मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यातच आहे. बिबट्याशेजारी राहणं जमतं की नाही, ते बिबट्याच्या स्वभावापेक्षा विजेच्या वेळापत्रकावर, संडासाच्या दारावर आणि गोठ्याच्या जाळीवर जास्त ठरतं.

आधी तो इथे आला कसा ते बघू. ‘जंगल तुटलं म्हणून बिबटे गावात आले’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते तपासायचं राहून जातं. जुन्नरच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे आले आणि बाजरी-मटकीच्या जागी ऊस उभा राहिला. विघ्नहर, भीमाशंकर यांसारखे सहकारी कारखाने आले. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. आत गारवा, खाली पाचटाची गादी, बाजूला पाटाचं पाणी, आणि महिनोन्महिने आत कोणी शिरत नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा सह्याद्रीच्या कड्यातसुद्धा मिळणार नाही. उसात जन्मलेली, उसातच वाढलेली, उसातच पुन्हा व्यालेली अशी बिबट्यांची पिढ्यांमागून पिढी आता इथे आहे. त्यातल्या कित्येकांनी जंगल पाहिलेलंही नाही. ‘त्यांना त्यांच्या जंगलात नेऊन सोडा’ अशी मागणी ग्रामसभेत होते तेव्हा हा प्रश्न राहतोच, की त्यांचं म्हणजे नेमकं कुठलं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधाबांधावर कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने अनेकांच्या समजुतींना धक्का दिला. १७९ चौरस किलोमीटरचा परिसर, तोही सगळा शेतीचा. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. रानटी सावज म्हणावं असं मोठं काही नाही. आणि तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे, वर तितकेच तरस. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत खाण्याचा हिशेब निघाला, तोही ऐकण्यासारखा आहे. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के खाद्य पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचं, आणि त्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच भरला. शेळी रात्री बांधलेली असते, तिच्याजवळ माणूस झोपलेला असतो. कुत्रं मोकळं हिंडतं. गावातला उकिरडा, पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्या, खाटकाच्या दुकानामागचा ढीग, यांवर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांवर बिबटे. मेलेल्या कोंबड्या खड्डा करून पुराव्यात हा मुद्दा बिबट्याच्या बैठकीत कोणी काढला तर लोक हसतात. हसायचं कारण नाही.

आता पिंजऱ्याची गोष्ट. ती थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण चांगल्या हेतूने केलेलं काम किती अंगाशी येतं याचं असं उदाहरण शोधून सापडणार नाही. २००१च्या सुमारास जुन्नर वनविभागात हल्ले वाढले. लोक चिडले. पिंजरे लागले, बिबटे धडाधड पकडले गेले आणि त्यांतले बरेच लांबच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. कोणालाही पटेल असाच हा उपाय होता. पण नंतर नोंदी तपासल्या तेव्हा वेगळंच निघालं. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते; मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाल्यानंतर ही सरासरी १७ वर गेली. अत्रेय आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा की हल्ले आटोक्यात आणण्यासाठी केलेल्या स्थलांतरानेच ते वाढवले.

असं का व्हावं? पिंजऱ्यात शेळी किंवा कोंबडी आमिष म्हणून असते. जो बिबट्या पहिला आत शिरेल तो सापडतो, आणि हल्ला करणारा तोच असेल याची काहीच खात्री नसते. बऱ्याचदा अडकतो तो त्या भागातला जुना, आपली हद्द सांभाळून राहणारा, कुठलं कुत्रं कुठे मिळतं आणि कुठल्या वस्तीवर दिवा कधी मालवतो हे माहीत असलेला बिबट्या. तो गेला की जागा मोकळी होते आणि तिथे एकाऐवजी दोन-तीन तरुण, अननुभवी बिबटे शिरतात. इकडे हलवलेला बिबट्या पिंजऱ्यात डोकं आपटून, दात मोडून, अनोळखी मुलखात उतरतो आणि घराकडे चालायला लागतो. वाटेत लागणारी गावं त्याला माहीत नसतात, त्या गावांना तो माहीत नसतो.

चालतो म्हणजे किती? २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून गळ्यात पट्टा बांधला, नाव ठेवलं आजोबा, आणि माळशेज घाटात सोडलं. तो तिथे राहिला नाही. शेतं, वस्त्या, रेल्वेमार्ग, महामार्ग, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला ओरखडाही काढला नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये सुजय डहाकेंनी चित्रपट केला, तो बऱ्याच जणांनी पाहिलाही असेल. पण आजोबाच्या प्रवासातून घ्यायची गोष्ट साधी आहे. बिबट्या उचलून दुसरीकडे ठेवला म्हणजे तो तिथेच राहतो असं नाही.

मुंबईलाही हा धडा मिळाला, आणि फार महाग मिळाला. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने हल्ल्यांची लाट आली, माणसं मेली. बाहेरून पकडून आणलेले बिबटे त्या आधी उद्यानात सोडले गेले होते. पुढे ते थांबवलं गेलं. २०११ मध्ये सुनील लिमये उद्यानाचे संचालक असताना वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांचा ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. त्यांनी पोलिसांना, पालिकेला, पत्रकारांना बसवून समजावलं. बातमीत ‘नरभक्षकाचा धुमाकूळ’ लिहिण्याऐवजी कचरा कुठे साठलाय ते लिहा, म्हणाले. आरे कॉलनीत, आदिवासी पाड्यांवर आजही बिबटे फिरतात, अधूनमधून वाईट घटना घडतातही, पण दिसला की पकडा ही मागणी तिथे पूर्वीसारखी उठत नाही.

दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं. बीड, पाथर्डी, जालना, चाळीसगावकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि उसाची भिंत रोज थोडी थोडी मागे सरकते. याच काळात कोयत्याच्या समोर, पाचटात, पिल्लं सापडतात. कधी दोन, कधी तीन. डोळे नुकते उघडलेली, मांजराच्या पिल्लांहून थोडी मोठी, राखट अंगावर ठिपके दाटलेले. हात लावला की फिस्कारतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा वेळी आरडाओरडा व्हायचा, कोणी तरी पिल्लं पोत्यात घालून वन विभागात पोचवायचं. मग आई रात्रभर त्या शिवारात गुरगुरत फिरायची, आणि तिच्या वाटेत येणाऱ्याची धडगत नसायची.

आता पद्धत बदलली आहे. मुकादम तोड थांबवतो, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन जातो. वनरक्षक येतो, बरोबर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर. हे केंद्र वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात. पिल्लं नर की मादी, वय काय, गोचीड आहेत का, अंगात पाणी कमी झालंय का, हे तपासलं जातं. कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवतात. मग संध्याकाळी, पिल्लं जिथे सापडली तिथेच, भाजी बाजारात नेतो तसल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये त्यांना ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि सगळे जण लांब जाऊन बसतात. गाडीचे दिवे बंद, बोलणं बंद. अंधार पडल्यावर आई येते. आधी क्रेटभोवती चक्कर मारते, वास घेते, मग पंजाने क्रेट आडवा पाडून एकेका पिल्लाला मानेला धरून नेते. एक नेलं की काही वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. एखाद्या रात्री येतच नाही. मग दुसऱ्या रात्री तोच खटाटोप. यात जंगलप्रेमाचा भाग आहेच, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो रोकडा व्यवहारही आहे. पिल्लं परत मिळालेली आई शिवार सोडून जाते.

अशीच विहिरीची गोष्ट. कुत्र्या-मांजरामागे धावताना बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. सकाळी कोणाच्या तरी लक्षात येतं आणि अर्ध्या तासात विहिरीभोवती पाचशे माणसं जमतात. पाण्यात पोहून दमलेल्या जनावराला टेकायला दोर बांधून बाज सोडायची, ते तीवर बसलं की पिंजरा खाली सोडायचा. वर शांतता असेल तर बिबट्या बहुतेक वेळा स्वतःच पिंजऱ्यात चढतो. पण वर शांतता नसते. मोबाइल बाहेर निघालेले असतात, कोणी दगड मारतं, कोणी पोराला खांद्यावर बसवून दाखवतं. बचावाच्या वेळी माणसं जखमी होतात ती यामुळे. बिबट्याला भुलीचं इंजेक्शन दिल्यावर औषध चढायला काही मिनिटं लागतात, त्या मिनिटांत घाबरलेलं जनावर वाट फुटेल तिकडे सुटतं आणि वाटेत गर्दी असते. पोलिसाची एक काठी अशा वेळी वन विभागाच्या दहा बंदुकांपेक्षा उपयोगी पडते, असं माझं मत आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सगळं छान मार्गी लागत आलंय. तसं नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. पाच वर्षांची मुलगी, सत्तरीची बाई, तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वन विभागाची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग रोखला. एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. शेतात जाणाऱ्या बायांनी गळ्यात खिळे लावलेले पट्टे घातल्याची छायाचित्रं तेव्हा देशभर फिरली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा काटेरी पट्टा घालतो, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. तो माणसाच्या गळ्यात पाहिल्यावर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून ‘सहजीवना’वर बोलणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, जीभ जरा आवरायला हवी.

कारण या व्यवहारात जोखीम सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. बागायतदाराच्या बंगल्याला कंपाउंड आहे, आत संडास आहे, अंगणात हॅलोजन आहे. ऊसतोड कामगाराची कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री. तिला दार म्हणून साडी लावलेली असते. पहाटे तीनला नवराबायको फडात जातात आणि पोरं कोपीत झोपलेली राहतात, धाकट्यावर लक्ष ठेवायला सात वर्षांची बहीण. शौचाला जायचं तर उसाच्याच कडेला, अंधारात, वाकून. मेंढपाळांचं तेच. मोकळ्या रानात वाघर लावून मेंढरं कोंडायची आणि तिच्या कडेला तान्ह्या लेकरासह उघड्यावर झोपायचं. मेंढरावर आलेल्या बिबट्याच्या आणि त्या लेकराच्या मध्ये एक घोंगडी असते. मृत्यू झाल्यास राज्य सरकार २५ लाख रुपयांची मदत देतं. रक्कम लहान नाही. पण मेल्यावर २५ लाख देणारी यंत्रणा जिवंतपणी कोपीला लोखंडी जाळी आणि एक सौर दिवा द्यायला का कचरते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

याच मुलखात वाघोबा हा वाघ-बिबट्यांचा देवही आहे, आणि त्याच्याविषयी लिहिताना लेखकांचा तोल जातो. अकोल्याच्या महादेव कोळ्यांत, ठाकरांत, ठाणे-पालघरच्या वारल्यांत वाघोबाची ठाणी आहेत. वारल्यांच्या भागात अभ्यासकांनी दीडशेहून जास्त ठाणी नोंदवली. शेंदूर माखलेला दगड किंवा लाकडी फळी, त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य. वसुबारसेला आपण गाय-वासरू पुजतो, त्याच दिवशी डोंगरातल्या गुराख्यांची वाघबारस असते. गावाच्या शिवेवर नैवेद्य दाखवायचा, कोंबडं द्यायचं आणि वर्षभर गुरांना हात लावू नको असं वाघाला सांगायचं. ही भक्ती आहे, आणि सौदाही आहे. वाघोबाने आपली बाजू पाळली नाही तर लोक त्याच्यावर रागावतात, हेही अभ्यासकांनी नोंदवलंय. शहरी लेखांत मात्र यातली भीती आणि राग गळून पडतो, उरतं ते फक्त ‘निसर्गपूजक आदिवासी’ असं गोंडस चित्र. शिवाय बागायती पट्ट्यातला शेतकरी या परंपरेतला नाही. त्याच्या ओळखीचा बिबट्या गेल्या तीस-चाळीस वर्षांतलाच. त्याला वाघोबाचा दाखला देऊन उपयोग काय?

मग उपाय काय चालले आहेत? जुन्नर विभागातली दोनशेहून अधिक गावं बिबट्याच्या दृष्टीने आपत्तिप्रवण ठरवली गेली आहेत. घरांना सौर कुंपणं, कॅमेऱ्याने बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारी यंत्रं, मेंढपाळांना तंबू, असं बरंच काही आलंय. मादी बिबट्यांच्या नसबंदीच्या मर्यादित प्रयोगाला केंद्राने मंजुरी दिली आहे. नसबंदीवर सध्या सगळ्यांची आशा आहे, मला ती जरा जास्त वाटते. नसबंदी झालेली मादी पुढे बरीच वर्षं त्याच उसात राहणार, तेच कुत्रं खाणार. संख्या उतरलीच तर ती सावकाश. आज रात्री दारं धरणाऱ्याला तिचा उपयोग नाही. सरसकट मारण्याची मागणी तर कायद्यात बसत नाही. बिबट्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या विशिष्ट जनावराबद्दलच मुख्य वन्यजीव रक्षक तसा आदेश देऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी, उसातून एक काढला की दोन येतात हे जुन्नरने एकदा करून पाहिलेलं आहे.

गोठ्याचं मात्र काम चोख होतं. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारलेला, कडी असलेला गोठा असेल तर शेळी वाचते आणि शेळीच्या आशेने बिबट्याचं वस्तीवर घुटमळणंही कमी होतं. वरची जाळी लोक हमखास विसरतात. बिबट्या पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून उतरतो. घराला लागून ऊस न लावता मधे मोकळी पट्टी सोडणं, हाही तसाच साधा उपाय. पण गुंठ्यांत जमीन असलेला माणूस ती पट्टी सोडायला नाखूश असतो, आणि त्याचं चुकतं असं म्हणवत नाही.

दिवसाच्या विजेसाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. ती आली तेव्हा चर्चा झाली ती युनिटच्या दराची आणि महावितरणच्या तोट्याची. बिबट्याच्या पट्ट्यातल्या फीडरना त्यात पहिला नंबर मिळावा ही मागणी इथले शेतकरी मोर्चे काढून करताहेत, आणि वन विभागाच्या कुठल्याही यंत्रापेक्षा ती जास्त जीव वाचवेल असं मला वाटतं. राहिली कोपी. दरवर्षी हंगामाआधी टोळीची उचल ठरते, वाहतुकीचा दर ठरतो, मुकादमाचं कमिशन ठरतं. त्याच कागदावर दहा कोप्यांमागे एक बंद खोली, जिथे पहाटे पोरं कडी लावून झोपतील, दोन संडास आणि चार दिवे एवढं लिहून घेतलं तर कारखान्याला टनामागे किती पैसे पडतील, याचा हिशेब साखर आयुक्तालयातला एखादा कारकून दुपारच्या चहाआधी मांडून देईल. गाळपाचे परवाने तिथूनच निघतात.